महिपतचं बेडं

महिपतनं उभा जन्म दुसऱ्यांची गेटं उघडण्यात आणि लावण्यात घालवला. विक्रोळीच्या एका सोसायटीत तो वॉचमन होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला "नाव? कोणाकडं? काय काम?" असं विचारल्याशिवाय त्यानं कधी सोडलं नाही. एकदा तर खुद्द सेक्रेटरीच्या सासऱ्यांना त्यानं उन्हात ताटकळत ठेवलं, कारण ते नाव सांगायला तयार नव्हते. सेक्रेटरी अंगावर धावून आला तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "नाव सांगितलं असतं तर बसायला खुर्ची दिली असती." नोकरी जाता जाता राहिली, पण सवय गेली नाही.

रिटायर झाल्यावर तो बायकोला, हौसाला, घेऊन गावी आला. आता गेट नाही, शिट्टी नाही, निवांत भात लावायचं आणि निवांत खायचं, असा त्याचा बेत. पण नशिबात गेट लिहिलेलं असलं की ते पाठ सोडत नाही. त्याच्या वाट्याच्या भातखाचराला बेडं होतं.

बेडं म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. दोन बाजूंना दोन खांब, खांबांना भोकं, आणि त्यांतून आडवे सरकवलेले बांबू. जाताना बांबू सरकवायचे, गेलं की परत लावायचे. तळेकोंडातलं शेंबडं पोरही हे जाणतं. बेडं उघडं टाकलं की गुरं भातात शिरतात, आणि भातात गुरं शिरली की दोन घरांचं बोलणं बंद होतं. काही घरांचं तर आजोबांच्या काळापासून बंद आहे.

तळेकोंड देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. गावाशेजारी नदी कातळ चिरत खाली उतरते. पाण्यानं खडकात मोठमोठे रांजण कोरलेत, म्हणून त्या जागेला रांजणघळ म्हणतात. गावातून पाखाडीच्या पायऱ्यांनी वर सड्यावर, कातळाच्या माळावर, जायचं, घळीच्या काठाकाठानं चालायचं, पलीकडं साकवावरून नदी ओलांडायची आणि दुसऱ्या काठानं परत गावात यायचं. वाडीतल्या बायका जळणाच्या फाट्यांसाठी ही वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्या तिला फेरा म्हणायच्या, आणि फेऱ्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. डोक्यावर भारा असला की घळीकडं बघतो कोण?

मग कुणीतरी येऊन ड्रोन उडवला. फेऱ्याचा लूप ट्रेल झाला. गणपतीपुळ्याला दर्शन, भाट्याला समुद्र आणि परतीच्या वाटेवर रांजणघळ असा लोकांचा रतीब सुरू झाला. शनिवार-रविवारी गावाच्या एवढ्याशा रस्त्यात गाड्यांची अशी रांग लागायची की एसटी बाहेरच्या फाट्यावरूनच मागं फिरायची. महिपतनं सरपंचाकडं तक्रार केली, तर सरपंच म्हणाला, "पर्यटन वाढतंय महिपतदादा, गावाचं नाव होतंय."

"नाव गावाचं होतंय आनि भात माझं जातंय," महिपत म्हणाला. सरपंच हसला. महिपत हसला नव्हता.

त्याचं खाचर नेमकं वर, सड्याच्या कडेला, घळीच्या तोंडावर. पावसाळ्यानंतर तिथून घळ जशी दिसते तशी दुसरीकडून कुठूनच दिसत नाही. त्यामुळं फेऱ्याला आलेला प्रत्येक जण बेड्याचे बांबू काढून आत शिरायचा, फोटो काढायचा आणि बांबू तिथेच टाकून निघून जायचा. महिपतनं पाटी लावली, "बेडं लावा". पुण्याच्या एका मुलानं त्याला विचारलं, काका, बेडं म्हणजे काय? महिपतनं पाटी बदलली, "गेट बंद करा". मग लोक पाटीसोबत फोटो काढायला लागले. ऑगस्टात त्यानं चिडून बेडं तारेनं आवळलं, तर लोक गडग्यावरून उड्या मारून आत गेले. चिऱ्यांचा गडगा ढासळला, आणि तो पुन्हा रचता रचता त्याच्या कमरेचा काटा ढिला झाला. मुंबईहून मुलगा गुरुप्रसाद फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही फार मनावर घेता." ज्याच्या ताटात आयता भात पडतो, त्याला असं म्हणायला काय जातं?

पण खरी गोष्ट नुसत्या भाताची नव्हतीच. त्या खाचराला गाव देवीचा कोपरा म्हणतं. दसऱ्याच्या सकाळी नवं असतं, म्हणजे नव्या भाताचा सण. त्या कोपऱ्यातली पहिली लोंबी महिपतच्या घरातल्या माणसानं कापायची, देवळात न्यायची, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, आणि मगच गावातल्या बाकीच्या विळ्यांनी भाताला लागायचं. त्याच्या बापानं हे केलं, आज्यानं केलं. मुंबईत होता तोवर चुलतभाऊ काशीराम त्याच्या वतीनं कापायचा, आणि महिपत परत आल्यावर काशीरामनं विळा हातात दिला तो तोंड वाकडं करूनच. एखाद्या वर्षी देवीच्या कोपऱ्यातली लोंबी देवळात पोचली नाही तर मान शेजारच्या खाचराला, म्हणजे काशीरामला जाणार होता. गेलेला मान परत येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. महिपतला विक्रोळीत कुणी नावानं हाक मारली नव्हती. 'ए वॉचमन' एवढंच त्याचं नाव. तळेकोंडात दसऱ्याच्या सकाळी अख्खा गाव त्याची वाट बघत उभा राहायचा. त्यासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

या वर्षी दसऱ्याचा आदला दिवस नेमका रविवार आला. जोडून सुट्टी. सकाळपासून गाड्यांचे हॉर्न घरात ऐकू येत होते. महिपतचा जीव वर सड्यावर, पण मानकऱ्यानं त्या दिवशी देवळाचं आवार झाडून सारवायचं असतं, ते सोडून जाता येईना. खराटा मारता मारता तो एकसारखा डोंगराकडं बघत होता. सड्याच्या कडेवर रंगीबेरंगी ठिपके हलताना दिसत होते, आणि प्रत्येक ठिपका आपल्याच खाचरात शिरतोय असं त्याला वाटत होतं. सारवण संपायला दुपार कलली.

"आवो, चार घास खावन जावा," हौसा म्हणाली.

"गुरांनी खाल्ल्यावर खातो," म्हणत त्यानं कमरेच्या आकडीत कोयती अडकवली, तारेचं भेंडोळं हातात घेतलं आणि निघाला. एकच रात्र काढायची होती. आज गडगा पडला तरी चालेल, पण बेडं तारेनं आवळायचंच, असं त्यानं ठरवलं.

पाखाडीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. एका पायरीवर एक कुटुंब बसून भडंग खात होतं. वरच्या पायरीवर नवरा-नवरीसारखे नटलेले दोघं जण एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते आणि तिसरा त्यांना "अजून जवळ, अजून जवळ" म्हणून सांगत होता. महिपत मधून जायला लागला तर तिसरा म्हणाला, "काका, फ्रेममध्ये येताय." स्वतःच्या आज्यानं रचलेल्या पायरीवर महिपत फ्रेम मोकळी होईपर्यंत थांबला. पुढं कुणीतरी पाठीवर स्पीकर बांधून गाणी लावली होती. एका बाईनं विचारलं, "लूप अजून किती राहिलाय?" दुसरीनं विचारलं, "वर मॅगी मिळते का?" आणि सांगलीकडच्या एका घोळक्यानं त्याच्या हातात मोबाइलच दिला. त्यानं फोटो काढला. मग त्यांनी दुसरा मोबाइल दिला, मग तिसरा. चौथ्याला त्यानं सांगितलं, "मी वॉचमन हाय, फोटोग्राफर नाय," आणि आपण असं का म्हणालो याचा त्यालाच राग आला.

सड्यावर पोचला तेव्हा तो घामानं निथळत होता आणि रागानं आतून शिजत होता. तेरड्याची गुलाबी फुलं तुडवून लोकांनी चार नव्या वाटा पाडल्या होत्या. ऊन उतरलं होतं, बरीचशी गर्दी पुढं साकवाकडं सरकली होती. लांबूनच त्याला बेडं दिसलं. उघडं. एक बांबू जमिनीवर, दोन बांबू आडवे टाकून त्यांची बैठक केलेली, आणि उघड्या बेड्याच्या तोंडाशी पिवळी टोपी घातलेली एक मुलगी उभी. कॉलेजात असेल. तिच्या हातात मूठभर लोंब्या होत्या.

देवीच्या कोपऱ्यातल्या, नव्याच्या आदल्या दिवशी, विळा लागायच्या आधी.

महिपत तीरासारखा गेला आणि त्यानं तिच्या हातातून लोंब्या हिसकावल्या. "कोनी तोडायला सांगितलं? तुमच्या बापाचं शेत हाय हे?"

मुलगी दचकली. "सॉरी काका, मला माहीत नव्हतं, मी फक्त बघायला... पण काका, ऐका ना, आत—"

"आत काय? आत जायचं नाय. पाटी दिसत नाय? शिकलेली ना तू?"

"हो, पण तिकडे खाली—"

"गप. मना शिकवू नको. जन्म गेला गेटं लावन्यात." इतकी वर्षं साठलेलं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर आलं. पाखाडीवरचा स्पीकर, मॅगी, ढासळलेला गडगा, सरपंचाचं हसणं, सगळं. ती दोनदा तोंड उघडायला गेली, दोन्ही वेळा त्यानं तिला पुरं बोलू दिलं नाही. तिच्या मैत्रिणी पुढून ओरडल्या, "चल गं, कशाला नादी लागतेस." तिनं एकदा खाचराकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि डोळे पुसत निघून गेली.

महिपतनं उघड्या बेड्यातून आत नजर टाकली. वरची पट्टी पिवळीधम्मक उभी होती, वाऱ्यावर डुलत होती. खाचर दोन पायऱ्यांचं आहे. खालची पट्टी बांधाआड जाते, ती बेड्यापाशी उभं राहून दिसत नाही. एरवी तो बांधापर्यंत जाऊन यायचा. त्या दिवशी कुणी परत यायच्या आत बेडं लावायची त्याला घाई झाली होती. त्यानं बांबू भोकांत सरकवले, तारेचे वेढ्यावर वेढे दिले, कोयतीच्या पाठीनं ठोकून पीळ घट्ट केला. मग हलवून पाहिलं. बेडं जागचं हललं नाही.

हिसकावलेल्या लोंब्या अजून मुठीत होत्या. देवीचं धान्य फेकायचं कसं? त्यानं त्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या आणि साकवाकडून उरलेला फेरा पुरा करत घरी आला. वाटेत त्याला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. पोरीला बोललो ते जरा जास्तच झालं, असंही एकदा मनात आलं, पण ते त्यानं खाली बसू दिलं नाही.

दिवेलागणीला हौसा गोठ्यातून आली. "कपिली आली नाय आजून. पाडीपन नाय."

कपिली त्यांची गाय, पाडी तिचं वासरू. सकाळी सोडली की दिवसभर सड्यावर चरायची आणि सांजेला पाडीला घेऊन आपल्या पायानं दावणीला येऊन उभी राहायची. "गर्दीला बुजली आसंल," महिपत म्हणाला. "त्या स्पीकराला मानूस बुजंल, तर गुराचं काय! बसली आसंल कुठं कातळावर. येईल सकाळी." सड्यावरच्या त्या गर्दीच्या नावानं आणखी चार शिव्या घालून तो जेवला आणि झोपला.

सकाळी उठून तो नदीवर न्हाला. धूतवस्त्र नेसून, विळा घेऊन अनवाणी फेऱ्याला लागला. पाखाडी रिकामी होती. सड्यावर दवानं ओलं गवत, खाली घळीत पाण्याचा आवाज, आणि माणूस कुणी नाही. अशा वेळी फेरा खरोखर देखणा दिसतो, हे त्याच्याही लक्षात आलं. आपण इतकी वर्षं इथून घळीकडं नीट बघितलंच नाही, असं वाटून तो क्षणभर थांबलासुद्धा. बेडं लांबूनच दिसलं. बंद, तार जशीच्या तशी. त्याचा ऊर भरून आला.

मग बेड्याच्या वरून एक डोकं त्याच्याकडं बघायला लागलं. कपाळावर पांढरा टिळा असलेलं, ओळखीचं. तोंड चालू होतं.

कपिली होती. तिच्यामागं पाडी, आणि त्यांच्यामागं वाडीतली आणखी तीन गुरं, पोटं टम्म फुगलेली. वरची पट्टी नव्हती. बांधापर्यंत पळत जाऊन त्यानं खाली बघितलं, तर खालचीही नव्हती. बुडखे, शेण आणि चिखलात तुडवलेला पेंढा. एक लोंबी उभी नव्हती.

हिशोब सोपा होता आणि तो त्याला लगेच उमजला. लोकांनी बेडं उघडं टाकलं, गुरं आत शिरली आणि बांधाआडच्या पट्टीला लागली. त्यांना तसंच राहू दिलं असतं तर थोडं खाऊन, थोडं तुडवून सांजेला आपापल्या गोठ्याची वाट धरली असती. गुरांना घर कळतं. पण त्यानं त्यांना रात्रभरासाठी भातात कोंडलं होतं, तारेचे वेढे देऊन आणि वर हलवून बघून. पोरगी तेच सांगत होती. 'काका, ऐका ना, आत—'

शिवी द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि कुणाला द्यावी ते सुचेना. वर्षभर ज्यांना देत आला ते सगळे आपापल्या घरी झोपलेले होते. तो गडग्यावर बसला आणि कपिलीच्या पाठीवर त्यानं एक चापट मारली. ती हललीसुद्धा नाही.

गुरं हाकत तो परत आला तेव्हा हौसाला काही सांगावं लागलं नाही. गाईचं पोट आणि नवऱ्याचं तोंड तिला पुरेसं होतं. ती घरात गेली आणि कालचा सदरा घेऊन बाहेर आली. "खिशात लोंब्या हायत ह्या. त्याच कोपऱ्यातल्या ना?"

"एका पोरीनं तोडलेल्या हायत."

"कोपरा तोच हाय ना? जावा. काशीरामभावजी पेंढी बांधून देवळात जावन बसलेत मघापासनं."

महिपतनं लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळल्या. वाटेभर त्याचं स्वतःशी भांडण चाललं होतं. कुणी बघितलं नव्हतं. मूठ त्याचीच होती, कोपरा त्याचाच होता. न बोलता पुढं केलं की झालं. गेलेला मान परत येत नाही.

देवळात सगळा गाव जमला होता. काशीराम खांबाला टेकून बसला होता, शेजारी फडक्याखाली काहीतरी झाकलेलं. महिपतनं पान पुढं केलं आणि म्हातारा गुरव गंगाराम उभा राहिला. त्यानं लोंब्या देवीपुढं धरल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बाय आई, आज नव्याचा दीस. तुझ्या कोपऱ्यातली, महिपतच्या हातची पयली लोंबी—"

"व्हय म्हाराजा," गाव म्हणायला लागला.

"माझ्या हातची नाय," महिपत म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. बेडं, तार, कपिली, सगळं. सांगताना आवाज चढवायची त्याला सवय, पण आज तो चढेना. पोरीच्या हातातून लोंब्या हिसकावल्याचंही त्यानं सांगितलं. काशीरामनं फडक्याखालून पेंढी काढली.

"थांब रं," गंगाराम गुरव त्याला म्हणाला. "कोपरा देवीचाच हाय. लोंबी कोपऱ्यातलीच हाय. पुढच्या सालाचं पुढच्या साली बघू." मग तो महिपतकडं वळला. "पन जिचा हात लागला तिचं नाव गाऱ्हान्यात घ्याय होवं. नाव काय पोरीचं?"

महिपतनं तोंड उघडलं. विक्रोळीला दूधवाला रोज यायचा, त्यालासुद्धा तो पहिले सहा महिने नाव विचारत होता.

"म्हायत नाय," तो म्हणाला.

"इचारलं नायस?"

"नाय."

"तिनं सांगितलं नाय?"

"ती बोलत व्हती," महिपत म्हणाला. "मी बोलू दिलं नाय."

गंगारामनं लोंब्या पुन्हा देवीपुढं धरल्या. असं गाऱ्हाणं त्यानं कधी घातलं नव्हतं. मग त्यानं पुन्हा डोळे मिटले. "बाय आई, कुठनं आली, कुठं गेली, नाव ठावं नाय, अशा एका लेकीच्या हातची ही लोंबी. ती गोड मानून घे. तिला वाटंत काटाकुटा लागू देव नको."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. काशीरामही म्हणाला. महिपतलाही म्हणायचं होतं. पण ओठांवर आला तो जुनाच प्रश्न, 'नाव?' खाली घळीच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवसाचे पहिले हॉर्न वाजायला लागले होते.